कोपऱ्यातलं पाच नंबर

२ सप्टेंबर

आज या तळाची देखभाल-प्रमुख म्हणून रुजू झाले. हँगरमध्ये पाऊल टाकलं आणि सगळे एकदम गप्प. मुख्याध्यापिका वर्गात शिरल्यावर होतात तसे. मला वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. दिवसभर सभ्य अहवाल लिहून बोटं आखडतात, निदान इथे तरी खरं लिहीन म्हणते.

काम सांगायला सोपं आहे. पाच जुनी मालवाहू विमानं, सगळी माझ्याहून वयाने मोठी. नवी येणार आहेत ती थंडी सरल्यावर. तोवर ही उडती ठेवायची, आणि मग एकेकाला रीतसर निवृत्त करायचं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे कवळी येईपर्यंत दात टिकवायचे आणि आली की उपटायचे." दंतवैद्याशी लग्न केलं की हे असं ऐकावं लागतं.

फोरमन म्हणजे रुंद खांद्यांचा, निवृत्तीला टेकलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्याने चहा पाठवला. मला सोनेरी काठाचा कप, बशीसकट. बाकी सगळे टवके उडालेले, कान तुटलेले मग घेऊन उभे होते. गचाळ कारभार आहे, पण वरिष्ठांचा मान ठेवायची रीत तरी आहे.

५ सप्टेंबर

वरच्या खोऱ्यातल्या डॉक्टरांचा फोन. माणूस पाहिलेला नाही, आवाज मात्र दणदणीत. नोव्हेंबरच्या मध्याला खोऱ्याचा रस्ता बर्फाने बंद होतो तो एप्रिलपर्यंत. वर एक आखूड, खडीची धावपट्टी आहे आणि तिच्यावर आमचीच विमानं उतरू शकतात. जाताना औषधं, पीठ, टपाल न्यायचं आणि येताना आजारी माणसं आणायची. मुख्यालयाचा नियम असा की चार विमानं उडती असतील तरच हिवाळ्यात ही सेवा चालू. एकही कमी पडलं तर बंद.

"मॅडम, मला एकच सांगा," डॉक्टर म्हणाले, "हिवाळाभर विमान येणार ना? नसेल, तर रस्ता आहे तोवर म्हाताऱ्यांना आणि गरोदर बायकांना खाली धाडायला हवं. घर सोडायला कोणी राजी नाही. पण वेळ आली तर मी ढकलत नेईन."

म्हटलं, नीट बघून सांगते.

९ सप्टेंबर

नीट बघितलं. एक, दोन आणि चार नंबर ठणठणीत. तीन नंबर म्हणजे आमच्या मुख्य वैमानिकाचं, कप्तानाचं, लाडकं. नाकावर पांढरी पट्टी, आत त्याची स्वतःची उशी. पण विमानाच्या पंखांचं आयुष्य तासांत मोजतात, आणि तीनचे तास जानेवारीत संपतील. मग ते कितीही चकचकीत असलं तरी उभं करायचं. मुख्यालयाने त्या दिवसासाठी बँड आणि भाषणं आतापासून ठरवून ठेवली आहेत.

तर तीन गेल्यावर चौथं कुठून आणायचं? कोपऱ्यात पाच नंबर आहे. कित्येक वर्षं उडालेलं नाही, म्हणून त्याचे पंख सगळ्यांत ताजे. कापडाखाली झाकलेलं, पण पुसून लख्ख. कॉम्प्युटरवर 'पूर्ण' अशी नोंद आहे, तरी मी शिडीवर चढून दोन-चार झाकणं उघडलीच. सगळे भाग जागच्या जागी, आणि प्रत्येकावर नेटका पिवळा ठिपका. माझ्या आधीच्या तळावर तपासून पास केलेल्या भागाला पिवळा ठिपका लावायचे. इथेही एवढी शिस्त! फोरमनचं सगळ्यांदेखत कौतुक केलं. तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. कौतुकाची सवय नसावी बिचाऱ्याला.

डॉक्टरांना फोन लावला. "येणार. हिवाळाभर." ते इतक्या मोठ्याने हसले की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. मुख्यालयालाही कळवलं: पाचही विमानं पूर्ण, स्वतः पाहिली.

आठवडाभरात काम हातात आलं म्हणायला हरकत नाही.

२६ सप्टेंबर

लेक म्हणते, "आई, तू घरातसुद्धा हँगरमध्ये बोलल्यासारखी बोलतेस." मी फक्त विचारलं होतं की ओला टॉवेल गादीवर कोणाच्या परवानगीने पडलाय.

४ ऑक्टोबर

पाच नंबरचं इंजिन सुरू करून दाखवा म्हणून आठवडाभर मागे लागले आहे. सोमवारी बॅटरी चार्जिंगला होती. मंगळवारी बॅटरी आली तर जोडणीची वायर सापडेना. आज म्हणे जोडणारी मुलगीच रजेवर. तिला सगळे ठिणगी म्हणतात. आणि ही रजेवरची ठिणगी मला शेडच्या मागे उभी दिसली! मला पाहून अशी पळाली की विचारता सोय नाही.

माझ्या पाठीमागे काहीतरी शिजतंय. बाहेरून आलेली बाई डोक्यावर नको असेल यांना. मीही ताडकन बोलले, की उद्यापासून सबबी लिहून द्या, मी त्यांचं पुस्तक छापते.

कोणी हसलं नाही.

११ ऑक्टोबर

लिहायचं नव्हतं, पण लिहिते.

आज सकाळी मी कोणाला न विचारता पाना घेतला, पाच नंबरवर चढले, इंधनाचा पंप काढला आणि चाचणीच्या टेबलावर लावला. मेलेला. दुसरा लावला. तोही मेलेला. तिसरा काढायला वळले तर फोरमन शिडीखाली टोपी हातात घेऊन उभा.

"राहू द्या, मॅडम. पिवळा ठिपका म्हणजे मेलेला."

"सगळे?"

"ठिपका आहे तेवढे सगळे."

मग त्याने सांगितलं. पूर्वी इथे एक साहेब होते. उडणाऱ्या विमानाचा भाग बिघडला आणि नवा मिळाला नाही, की पाचचा काढून तिकडे लावायचे. हे सगळीकडे चालतं. पण साहेबांना रिकामी जागा दिसली की ते अंगावर धावून यायचे. तपासणीला पाचही विमानं भरलेली दिसली पाहिजेत. म्हणून या लोकांनी रीत पाडली, की चांगला भाग काढला की त्या भोकात बिघडलेला बसवायचा आणि ओळखायला पिवळा ठिपका लावायचा. साहेब गेले, दुसरे आले, तेही गेले. रीत राहिली. पाच नंबर हळूहळू आतून सगळं मेलं आणि बाहेरून लख्ख राहिलं.

"मला का नाही सांगितलंत?" माझा आवाज चिरकला.

"त्या दिवशी सांगणारच होतो. पण तुम्ही सगळ्यांसमोर कौतुक केलंत." तो पुन्हा बुटांकडे बघायला लागला. "त्यानंतर तोंडच उघडेना."

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहायची लाज वाटते. खरं म्हणजे राग माझाच मला आला होता. झाकणं उघडून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून मी मेलेले भाग शाबासकी देऊन पास केले होते. आणि वर खोऱ्यात तो माणूस माझ्या शब्दावर निर्धास्त बसला आहे.

१२ ऑक्टोबर

कप्तानाला सांगितलं. त्याने आधी दार लावलं.

"हे बघा, तीन नंबर जानेवारीपर्यंत उडतंय. म्हणजे तोवर चार आहेत. कोणी काही विचारणार नाही. जानेवारीत चौथं कमी पडलं तर पडलं. जुनी विमानं आहेत, बिघडतात. तुमच्यावर काही येणार नाही."

खरंच येणार नाही. गप्प बसले तर सगळं सुरळीत होईल, बँडसुद्धा वाजेल. फक्त जानेवारीत वर डोक्याइतका बर्फ असेल, रस्ता नसेल आणि विमानही नसेल.

दिवसभर मी गप्प बसण्याची कारणं जमवत होते. चांगली कारणं आहेत, मी काही मूर्ख नाही. संध्याकाळी नवऱ्याला म्हटलं, तू काय केलं असतंस? म्हणाला, "किडलेल्या दाढेवर टोपी बसवून पेशंटला लांबच्या प्रवासाला पाठवायचं का, असं विचारतेस?" एकदा तरी दात सोडून बोल म्हणून मी त्याच्यावर खेकसले. मग म्हटलं, नाही, बरोबर आहे तुझं.

१४ ऑक्टोबर

उपाय एकच दिसतो, आणि तो मला स्वतःलाच आवडत नाही. तीन नंबरचे भाग चांगले आहेत, पंख संपत आलेत. पाचचे पंख चांगले आहेत, भाग मेलेत. तीन आताच, उडण्याजोगं असतानाच, उभं करायचं आणि त्याचं सगळं काढून पाचमध्ये घालायचं.

फोरमनने दाढी खाजवली. "आणि पाच नाही उठलं तर?"

"तर तीनच विमानं उरतील. सेवा आताच बंद."

"उडतं विमान फाडायचं म्हणता."

"हो."

त्याने टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "पाचच्या पंखांच्या मुळाशी तडे आहेत का ते आधी बघतो," आणि निघून गेला. संध्याकाळी निरोप आला: तडे नाहीत.

कप्तान मात्र उखडला. "बँडची तारीख ठरलेल्या विमानाचा खाटीकखाना करताय तुम्ही! त्या पाचमध्ये मी पाय ठेवणार नाही, लिहून घ्या." लिहून घेतलं.

भाग हलवायची परवानगी मागितली, तर मुख्यालयाचं उत्तर त्याहून भारी: पाच नंबर 'पूर्ण' आहे, पूर्ण विमानाला भाग कशाला हवेत? म्हणजे परवानगी हवी असेल तर मलाच लिहून द्यावं लागणार, की माझा गेल्या महिन्याचा अहवाल चुकीचा होता.

१५ ऑक्टोबर

मुख्यालयाला लिहिण्याआधी डॉक्टरांना फोन केला. आधी त्यांना, मग मुख्यालयाला, हाच क्रम बरोबर वाटला. सगळं सांगितलं, ठिपक्यांसकट.

पलीकडे दार लावल्याचा आवाज. मग, "तुम्हाला खात्री किती आहे?"

"अर्धी."

"अर्धी." दणदणीत आवाज अगदी खाली आला होता. "बरं. मग जे अर्ध्या खात्रीवर राहू शकत नाहीत, त्यांना उद्यापासून खाली धाडतो. बाकीच्यांना सांगून ठेवतो. रस्ता बंद व्हायच्या आत मला फोन करा, ताई. हो असो नाहीतर नाही, पण फोन करा."

त्यांनी मला ताई कधीपासून म्हणायला सुरुवात केली कोण जाणे. मला वाटलं होतं शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी मुख्यालयाला पत्र टाकलं. साहेबांच्या माथी काही मारलं नाही, फोरमनच्याही नाही. 'मी पाहिलं आणि मला समजलं नाही,' असं लिहिलं. हँगरमध्ये सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, म्हणजे माझ्यामागे कुजबुज नको. वाचून झाल्यावर एकेक जण आपापल्या कामाला लागला.

१७ ऑक्टोबर

सकाळी चहा आला तो मगातून. कान तुटलेला, काठाचा टवका उडालेला मग, बशी नाही. ठिणगीने टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली, मी पिते की नाही ते बघायला. म्हणजे आता तेवढाही मान उरला नाही. साहजिक आहे. चूक कबूल केलेल्या माणसाला सोनेरी काठ कोण देणार?

प्यायले. चहा मात्र नेहमीपेक्षा चांगला होता.

२४ ऑक्टोबर

परवानगी आली. सोबत दोन पानी खरडपट्टीही आली. पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं.

तीन नंबर उघडलं. मी एकच नवा नियम घातला: रिकामी जागा रिकामीच दिसली पाहिजे. प्रत्येक भोकात एक लाल पट्टी बांधायची, तिच्यावर भाग कोणता, कुठून काढला, कुठे बसवला, अवस्था काय. लोक आधी कुरकुरले. वर्षानुवर्षं भोक झाकायची सवय, उघडं ठेवायला हातच वळेना. ठिणगीने पहिली पट्टी बांधली आणि चार पावलं मागे जाऊन अशी बघत राहिली, जणू स्वतःच्या घराचं दार सताड उघडं टाकलंय. चारच्या सुमाराला मात्र त्यांच्यात पैजा लागल्या, कोणाच्या जास्त पट्ट्या.

कप्तान येऊन दाराशी उभा राहिला. आत आला नाही. गेला.

६ नोव्हेंबर

पाचचं डावं इंजिन आज सुरू झालं. हँगरभर आरडाओरडा, शिट्ट्या. पाच मिनिटांत धूर. तेलाची एक नळी वर्षानुवर्षं उभी राहून वाळून गेली होती, ती फाटली. मग सगळ्याच नळ्या बदलायच्या ठरल्या. नाकी नऊ आलेत.

वर हिमवर्षाव लवकर सुरू झालाय असं रेडिओवर सांगितलं. मी रेडिओ बंद केला, त्याने बर्फ थांबणार असल्यासारखा.

१२ नोव्हेंबर

डॉक्टरांचाच फोन आला. परवा रस्ता बंद करणार आहेत. "उद्या सांगते," म्हटलं. "उद्याच," ते म्हणाले. जे खाली आलेत ते तालुक्याच्या शाळेत खाटा टाकून राहताहेत, आणि त्यातली एक म्हातारी रोज विचारते की परतीची गाडी कधी.

दोन्ही इंजिनं चालताहेत. पण उडवणार कोण? कप्तानाचं 'पाय ठेवणार नाही' अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

१३ नोव्हेंबर

सकाळी हँगरमध्ये आले तर कप्तान तीन नंबरपाशी. पोटाखाली वाकून एकेक लाल पट्टी हातात धरून वाचत होता. पंप, पाचमध्ये. गेज, पाचमध्ये. चाकं, पाचमध्ये. शेवटी पायलटच्या सीटच्या जागी आला. तिथेही पट्टी. ठिणगीच्या अक्षरात लिहिलं होतं: 'सीट, उशीसह. पाचमध्ये. अवस्था: मऊ.'

तो सरळ झाला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हणजे सगळं माझंच आहे की त्याच्यात."

"सगळं. पंख सोडून."

"मग दुसरा कोणी कशाला नेईल?" आणि हेल्मेट आणायला गेला.

पाच नंबर उडालं. मी धावपट्टीच्या कडेला फोरमनशेजारी उभी होते. कप्तानाने तळावरून घिरट्या घातल्या, एकदा इतकं खाली आणलं की माझा स्कार्फ उडाला, आणि अलगद उतरवलं. खाली उतरून म्हणाला, "उजवीकडे जरा ओढतं." मी घाबरले. फोरमन म्हणाला, "तीनही ओढायचं." आणि कप्तान हसायला लागला, आणि मग ते हसणं त्याला आवरेना, डोळे पुसायला लागला.

धावत ऑफिसात आले आणि फोन लावला.

"हो."

"हो म्हणजे?"

"हो म्हणजे हो! चार आहेत. हिवाळाभर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग लांबून, रिसीव्हर बाजूला ठेवून कोणाला तरी ओरडून सांगितलेलं ऐकू आलं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि लाज अजिबात वाटली नाही.

१९ जानेवारी

मुख्यालयाने बँड रद्द केला. तीन नंबर कोपऱ्यात आहे, जिथे पाच असायचं तिथे. लाल पट्ट्यांनी भरलेलं, आरपार दिसतं. लेकीला दाखवायला आणलं तर म्हणाली, "ई, केवढं उघडंवाघडं." तिला काय कळणार!

आज पाचमधून पहिल्यांदा खोऱ्यात गेले. डॉक्टर माझ्या खांद्याला लागतात! एवढ्याशा माणसात तो आवाज कुठे मावतो? दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पण मुख्य गोष्ट वेगळीच. सीटा रिकाम्या कशाला न्यायच्या म्हणून शाळेतल्या म्हाताऱ्यांपैकी ज्यांची तब्येत बरी आहे त्यांना आम्ही वर नेलं. भर हिवाळ्यात घरी. ती परतीची गाडी विचारणारी म्हातारी उतरताना मला म्हणाली, "विमान जुनं दिसतंय गं." म्हटलं, हो आजी. म्हणाली, "बसायला बरं आहे."

२० मार्च

पहिलं नवं विमान आलं. आत नव्या रंगाचा वास, आणि कशालाच टवका नाही. ठिणगी आणि दोघं जण पुढच्या आठवड्यापासून त्याच्या शिक्षणाला जाताहेत. फोरमनने निवृत्ती वर्षभर पुढे ढकलली. म्हणतो, "जुन्यांना निरोप देताना मीच नको का?"

आणि माझी बदलीची चिठ्ठी. मुख्यालय. प्रत्येक तळावर जायचं आणि कॉम्प्युटर ज्याला 'पूर्ण' म्हणतो ते प्रत्येक विमान उघडून बघायचं. ही शिक्षा आहे की बढती ते मला कळत नाही. नवरा म्हणतो, "तुला दोन्ही सारखंच मानवेल."

मला खरं तर जायचं नाही. हे कोणाला सांगणार? हँगरमध्ये बातमी पोचली आहे हे कळतंच. आज मी आत गेले तर सगळे एकदम गप्प. पुन्हा पहिल्या दिवसासारखे. निदान पाच नंबर उठलं त्या दिवशी तरी मला वाटलं होतं, की यांनी मला थोडंसं आपलं मानलं. असो.

३१ मार्च

शेवटचा दिवस. सगळे कामात. कप्तान वर खोऱ्यात गेलेला. फोरमन "या मॅडम" एवढंच म्हणाला आणि तोंड फिरवून पाना शोधायला लागला, जो त्याच्या हातातच होता.

सोनेरी काठाचा कप आज मला परत दिसला. बशीसकट. माझ्या जागी आलेल्या नव्या साहेबांना त्यातून चहा दिला होता, आणि ते मोठ्या खुशीत होते. माझा कान तुटलेला मग खिळ्यावर, फोरमनच्या आणि ठिणगीच्या मगांच्या मध्ये टांगलेला. मी त्याच्याकडे बघत राहिले. किती मूर्ख आहे मी!

कोट घ्यायला ऑफिसात गेले. खुर्ची टेबलापासून बाहेर ओढलेली, आणि पाठीला लाल पट्टी बांधलेली. ठिणगीचं अक्षर, खाली सगळ्यांच्या सह्या, कप्तानाचीसुद्धा:

'भाग: आमच्या मॅडम.
कुठून काढला: हँगर.
कुठे बसवला: मुख्यालय.
अवस्था: उत्तम. लवकर तापतो.
शेरा: उसना दिला आहे. काम झालं की परत करावा.'

पट्टी दोनदा वाचली. नव्या साहेबांनी दारातून विचारलं, "ही खुर्ची मी घेऊ का?"

"दुसरी मागवा," म्हटलं. "ही रिकामीच राहील."

आणि फोरमन बाहेरून, मोठ्या आवाजात, "हो साहेब, तसा नियम आहे इथे."